स्वस्त गुंठ्याचे गणित

सांगली-साताऱ्याकडे कुणी जागा घेतली असे कानावर आले की पहिला प्रश्न येतो, ‘किती गुंठे?’ पुण्या-मुंबईत हाच प्रश्न चौरस फुटांत विचारतात आणि त्यात हिशेब छताचा असतो. आपल्याकडे तो जमिनीचा असतो. एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद, एकूण १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. मोजणीची जुनी शंकू साखळी तेहेतीस फुटांची आणि तिचे सोळा आणे, म्हणून ‘एक गुंठा चार आणे’ ही भाषा अजूनही खेड्यात चालते. गंमत अशी की ज्या सातबाऱ्याच्या जोरावर हा सगळा व्यवहार चालतो, त्यावर गुंठा हा शब्दच नसतो. तिथे हेक्टर, आर आणि चौरस मीटर असतात. एका गुंठ्याची नोंद तिथे ०.०१.०१ अशी दिसते. इतक्या बारीक आकड्याच्या तुकड्यावर माणसाची वीस-पंचवीस वर्षांची शिल्लक उभी असते.

मी शिक्षणाने वकील नाही, नगररचनाकारही नाही. दस्त, फेरफार आणि जुने नकाशे वाचण्याचा नाद लागला आणि त्यातून कायदा थोडाफार समजत गेला. या वाचनात एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला. एकाच रस्त्याच्या अलीकडे गुंठ्याचा एक दर आणि पलीकडे त्याच्या निम्मा, हे कसे? माती तीच, अंतर तेच, शाळा-बाजार तेच. मग स्वस्त गुंठ्यात नेमके काय कमी असते? आणि जे कमी असते त्याचे पैसे शेवटी कोण भरतो?

आधी हा प्रदेश थोडा समजून घेऊ. आज ज्यांना आपण सातारा आणि सांगली जिल्हे म्हणतो त्यांचा मोठा भाग एकाच सातारा जिल्ह्यातला. १९४९ मध्ये त्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला. शहरे मात्र वेगळ्या घडणीची. सातारा छत्रपती शाहूंची राजधानी, अजिंक्यताऱ्याच्या कुशीत वसलेली, वारांच्या नावांच्या पेठांची. सांगली पटवर्धनांची, १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेबांनी मिरजेपासून वेगळे होऊन कृष्णेच्या काठी संस्थान उभे केले. एक शहर डोंगराला टेकलेले, दुसरे नदीला. दोघांच्याही उपनगरांचे भवितव्य या एका फरकाने ठरवले आहे.

सांगलीचे पहिले खरे उपनगर विश्रामबाग. १९१९ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय तिथे आले, १९४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि पुढे त्याला वालचंद हे नाव मिळाले. सांगली आणि मिरज यांच्या मधला हा उंचावरचा माळ. प्राध्यापक, वकील, सरकारी नोकर यांनी तिथे बंगले बांधले. संध्याकाळी फिरायला जाणे, दारात मोगऱ्याचा वेल, गेटवर आईच्या नावाची पाटी, वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा विद्यार्थी, हा सगळा राहणीचा नमुना विश्रामबागेने घालून दिला. पुढे ज्याला ज्याला चार पैसे मिळाले त्याला त्याला तसेच राहायचे होते. पण प्रत्येकाला विश्रामबाग परवडणारी नव्हती.

ज्यांना परवडत नव्हती ती माणसे कोण, हे पाहिले पाहिजे. गिरणीतला कामगार, मार्केट यार्डातला हमाल आणि दिवाणजी, एसटीचा चालक, प्राथमिक शिक्षक, मिरजेच्या दवाखान्यांतली परिचारिका. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ भागातला गलाई व्यावसायिक, जो सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभरच्या सराफ बाजारांत पसरला आणि कमाई मात्र विट्यात, सांगलीत जमिनीत घालत राहिला. साताऱ्याकडे फौजी. आपशिंगे मिलिटरीसारखी गावे ज्या जिल्ह्यात आहेत तिथे पेन्शनीची एकरकमी रक्कम हाती आली की ती साताऱ्याच्या कडेला शाहूपुरी, करंजे, गोडोली, खेड इकडे एखाद्या प्लॉटमध्ये जाते. मुंबईतला माथाडी गावाकडे परतायचे म्हणतो तेव्हा त्याच्याही मनात गाव नसते. गावाजवळचे शहर असते, जिथे नातवंडांना इंग्रजी शाळा आहे आणि गुडघ्याचा डॉक्टर आहे.

या माणसांना अडाणी म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. त्यांच्यासमोर दुसरा मार्ग कोणता होता? पैसे बँकेत ठेवा म्हणावे, तर सांगलीत वसंतदादा शेतकरी सहकारी बँकेचा परवाना २००९ मध्ये गेला आणि डिसेंबर २०२० मध्ये कराड जनता सहकारी बँकेचा. फेब्रुवारी २०२० पर्यंत ठेवीला विम्याचे संरक्षण होते ते एका लाखापुरते. त्यानंतर ते पाच लाख झाले. ज्याने शेजाऱ्याला बँकेच्या बंद दारासमोर उभे राहिलेले पाहिले, त्याला ‘जमीन कुठे पळून जात नाही’ हे वाक्य कुणी शिकवावे लागत नाही. त्याची चूक एवढीच की जमीन पळत नाही म्हणजे तिची मालकीही पळत नाही असे तो धरून चालतो.

मालकीचा हा गुंता समजण्यासाठी चार कायदे एकत्र ठेवून वाचावे लागतात. शेतीचे तुकडे पडून ती परवडेनाशी होऊ नये म्हणून १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा आला. ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकायचा नाही, विकला तर व्यवहार निरर्थक आणि दंड मूळ कायद्यात जास्तीत जास्त अडीचशे रुपये. १९४८ च्या कूळकायद्याने जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेण्यास मनाई केली. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने शेतीची जमीन घरासाठी वापरायची तर बिनशेती परवानगी घ्यायला लावली. आणि १९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा निवडक शहरांना लागू झाला, त्यांत सांगली होती. शहराजवळ मोठी मोकळी जमीन असलेल्या मालकाला भीती पडली की सरकार ती घेईल. २९ नोव्हेंबर २००७ ला महाराष्ट्रात तो कायदा संपला, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

चारही कायद्यांचे हेतू चांगले. चारही एकाच वावरावर येऊन बसले तेव्हा मात्र असे झाले की शहराच्या कडेचा शेतकरी कायद्याने लहान भूखंड विकू शकत नव्हता आणि हमाल किंवा चालक कायद्याने तो घेऊ शकत नव्हता. विकायची गरज होती, घ्यायची गरज होती. मधल्या माणसाने वाट काढली. शेतात चुन्याच्या रेघा मारल्या, दगड रोवले, साध्या कागदावर नकाशा काढला आणि गुंठा-गुंठा विकला. हीच गुंठेवारी. कुणाला शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरीचा कागद मिळाला, कुणाला साठेखत आणि मुखत्यारपत्र. अनेकांनी आठ-दहा जणांत मिळून सामाईक खरेदी केली, म्हणजे सातबाऱ्यावर दहा नावे, पण कुणाचा तुकडा कुठला हे कागदावर कुठेच नाही. इतर हक्कांच्या रकान्यात ‘तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार’ असा शेरा.

असे एक साठेखत माझ्या संग्रही आहे. त्यात चतुःसीमा दिली आहे ती अशी: पूर्वेस सदर गटापैकी उर्वरित मिळकत, पश्चिमेस सदर गटापैकी उर्वरित मिळकत, दक्षिणेस तीच, उत्तरेस तीच. चहूबाजूंनी ‘उर्वरित मिळकत’ असलेला हा तुकडा त्या गटात नेमका कुठे आहे, हे देवाला आणि विकणाऱ्यालाच ठाऊक. घेणारा एसटीतून निवृत्त झालेला चालक होता. त्याने उभ्या आयुष्यात रस्ता चुकवला नसेल.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी, कारण शिकलेली माणसेही तिथे गोंधळतात. दस्त नोंदला गेला म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे आपल्या कायद्यात नाही. दुय्यम निबंधक मुद्रांक पाहतो, ओळख पाहतो, सह्या घेतो. विकणारा खरा मालक आहे का, हे शोधणे हे घेणाऱ्याचे काम. आणि मुखत्यारपत्र तर मालकी देतच नाही. सूरज लॅम्प खटल्यात ११ ऑक्टोबर २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत सांगितले: साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांची मोळी बांधली तरी तिचे खरेदीखत होत नाही.

दुसरा धोका बहिणींचा. म्हणजे बहिणींकडून धोका नव्हे, बहिणींना विसरण्याचा. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा निकालाने सांगितले की हा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. गुंठेवारीत वावर विकले ते बहुतेक भावांनी. सातबाऱ्यावर बहिणींची नावे नव्हती किंवा होती तरी ‘त्यांचे काय, त्या सही देतील’ असे सांगितले गेले. जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर बहीण हक्क मागू लागली तर तिचे काहीच चुकलेले नाही. पण वाटपाच्या दाव्याची नोटीस येते ती तीस वर्षे त्या गुंठ्यावर घर करून राहिलेल्या माणसाला. एकीकडे १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावाने घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते म्हणून बायकोच्या नावे दस्त करायचा आणि तो दस्त विकणाऱ्याच्या बहिणीला वगळून झालेला, अशी ही आपली स्त्री-दाक्षिण्याची रीत.

आता मुख्य हिशेबाकडे येतो. मालकी अगदी निर्वेध आहे असे समजू, तरीही गुंठेवारीचा गुंठा स्वस्त असतोच. का, ते कागद-पेन्सिल घेऊन पाहता येते. एक एकराचे चौरस वावर घ्या. त्याची प्रत्येक बाजू साधारण २०९ फूट. मंजूर रेखांकन करायचे तर ९ मीटरचे, म्हणजे साडेएकोणतीस फुटांचे रस्ते धरू. दोन रस्ते काढले आणि प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना प्लॉट पाडले, तर रस्त्यांतच अकरा गुंठ्यांहून थोडे अधिक जातात. मोकळ्या जागेसाठी दहा टक्के, म्हणजे चार गुंठे. विकायला उरले ढोबळमानाने पंचवीस. गुंठेवारीवाला त्याच वावरात बारा फुटांचे दोन बोळ सोडतो आणि मोकळी जागा सोडतच नाही. त्याच्याकडे विकायला पस्तीस गुंठे उरतात. शिवाय मोजणी, बिनशेती, रेखांकन यांचा खर्च नाही आणि तीन-चार वर्षांची थांबाथांब नाही.

म्हणजे एकरामागे दहा गुंठे जास्त विकले गेले. हे दहा गुंठे आकाशातून आलेले नाहीत. तो रस्ता आहे, गटाराची जागा आहे, मुलांचे मैदान आहे, पिंपळाचा पार आहे. गिऱ्हाइकाने ते स्वतःच्या घराखाली घेतले आणि दर कमी लागला म्हणून पेढे वाटले. पुढे दारात चिखल होतो, रिक्षावाला बोळात यायला नकार देतो, म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत न्यावे लागते, तेव्हा ते दहा गुंठे आठवतात. तोवर ते परत मिळण्याची वेळ गेलेली असते.

सांगलीतले शामरावनगर हे याचे ठळक उदाहरण. कोल्हापूर रस्ता आणि शंभर फुटी रस्ता यांच्या टापूतला हा सखल, काळ्या मातीचा भाग. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर पाया खोल घ्यावा लागतो, नाहीतर दोन पावसाळ्यांत भिंतीला तडे. उसाला उत्तम आणि घराला वाईट, अशी ही जमीन. पावसाचे पाणी आधी वावरातून पसरत नाल्याला जाई. प्लॉट पडले, बांध मोडले, नाले अरुंद झाले. मग ज्याने त्याने आपापल्या प्लॉटात मुरूम टाकून जागा उंच करून घेतली. एकाने दोन फूट भर घातली की पाणी शेजारच्याकडे. शेजाऱ्याने तीन फूट घातली की रस्त्यावर. मधला जो प्लॉट गुंतवणूक म्हणून मोकळा पडून आहे, मालक सुरतेला किंवा कोचीनला, त्याचे तळे होते. पावसाळाभर तिथे पाणी साचते, डास होतात, साप निघतात. प्रत्येकाने स्वतःपुरता शहाणपणा केला, पण पाण्याची वाट वस्तीला सामाईक असते.

आणि वर कृष्णा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २००५ मध्ये पाणी ५४ फुटांच्या आसपास गेले, ऑगस्ट २०१९ मध्ये साडेसत्तावन्न फुटांवर आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५५ च्या घरात. पूर कोयनेमुळे, अलमट्टीमुळे की पात्रातल्या अतिक्रमणामुळे, हा वाद मोठा आहे आणि इथे मी त्यात शिरत नाही. घर घेणाऱ्याला त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबताही येत नाही. त्याला एवढेच पुरे की सोळा वर्षांत तीन वेळा हे झाले. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रस्ता या वस्त्यांतल्या लोकांना सगळ्यात आधी बाहेर काढावे लागते. नावांतच ‘प्लॉट’ आहे, म्हणजे जमीन कशी विकली गेली ते नावावरच लिहिले आहे. विश्रामबाग, कुपवाडकडचा उंचावरचा भाग कोरडा राहिला. तेव्हापासून सांगलीत पत्ता सांगण्याची नवी रीत आली आहे: ‘आमच्याकडे पन्नासला पाणी येत नाही.’ लग्न जमवतानाही हे बोलले जाते, असे ऐकतो. हळदीच्या व्यापाऱ्यांना उंची-सखलपणाचे हे ज्ञान आधीपासून असायला हवे होते, कारण हरिपूर-सांगलीवाडीच्या जमिनीतली हळद साठवण्याची पेवे २००५ च्या पुराने पार खराब केली.

कायदा याबद्दल काय म्हणतो? पाटबंधारे खाते दोन रेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे नदी आणि निळी रेषा यांच्या मध्ये नवे घर बांधता येत नाही. निळी आणि लाल यांच्या मध्ये बांधता येते, पण जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच हवे. हा दीड फूट वाचायला सोपा आहे. प्रत्यक्षात जमीन लाल रेषेच्या आठ फूट खाली असेल तर साडेनऊ फूट उंचावर घर सुरू करायचे, म्हणजे खाली खांब आणि गाडी लावायची जागा, वर संसार. गुंठ्याच्या किमतीत वाचलेले पैसे त्या खांबांत जातात. ज्याच्याकडे तेवढे नाहीत तो जमिनीलगत बांधतो आणि कागदावर काही वेगळे दाखवतो.

साताऱ्यात पुराचे हे भय नाही, म्हणून तिथला स्वस्त गुंठा वेगळ्या कारणाने स्वस्त. जुने शहर डोंगराच्या कुशीत मावेनासे झाल्यावर वस्ती खाली आणि बाजूला सरकली: शाहूपुरी, करंजे, गोडोली, शाहूनगर, विलासपूर, खेड. यांतल्या काही भागांना साताऱ्याने एक अचूक शब्द दिला, ‘त्रिशंकू’. ना ग्रामपंचायत, ना नगरपालिका. दिवा कुणी लावायचा, कचरा कुणी उचलायचा, गटार कुणी काढायचे याला उत्तर नाही. शाहूनगर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. उतारावरची जागा म्हणजे हवा छान, खिडकीतून किल्ला दिसतो, पण पाणी वर चढवायला पंप आणि माती धरून ठेवायला दगडी भिंत ही ज्याची त्याने करायची. विश्वामित्राने त्रिशंकूला निदान स्वतंत्र स्वर्ग तरी करून दिला होता. अखेर सप्टेंबर २०२० मध्ये सातारा नगरपालिकेची हद्दवाढ झाली आणि हे भाग शहरात आले. हद्दवाढीच्या बातमीनेच गुंठ्याचे दर हलले, रस्ते आणि नळ मात्र त्याच वेगाने आले नाहीत. ज्याने आधी घेऊन ठेवले होते त्याला फायदा झाला. ज्याने हद्दवाढीनंतर वाढीव दराने घेतले त्याने यायच्या सोयींचे पैसे विकणाऱ्याला दिले आणि सोयींसाठीचा करही भरायला लागला.

सांगलीत ९ फेब्रुवारी १९९८ ला सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली तेव्हा गुंठेवारी हा तिच्यासमोरचा सर्वांत अवघड प्रश्न होता. गुंठेवारीधारकांनी इथे संघटित होऊन आंदोलने केली. राज्यभरच्या अशा दबावातून २००१ चा गुंठेवारी कायदा आला. खासगी जमिनीचे विनापरवाना पाडलेले जे भूखंड १ जानेवारी २००१ पूर्वीचे, ते शुल्क भरून नियमित करून घ्यायचे. सरकारी जागेवरची अतिक्रमणे त्यात बसत नाहीत. २०२१ च्या दुरुस्तीने ही मुदत डिसेंबर २०२० अखेरपर्यंत आणली. नियमित झालेल्या भूखंडाला बांधकाम परवाना मिळतो, बँक कर्जाचा विचार करते, आणि जमा झालेले विकास शुल्क त्याच वस्तीच्या सोयींवर लागावे अशी मूळ कल्पना आहे. तिकडे तुकडेबंदीही सैल होत गेली. २०१७ मध्ये जुने तुकडे बाजारमूल्याच्या पंचवीस टक्के भरून नियमित करण्याची सोय झाली. ती कुणाला झेपेना म्हणून २०२४ मध्ये पाच टक्के झाले. मधल्या काळात १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने गुंठ्यांचे दस्तच नोंदवायचे बंद केले आणि मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. २०२३ मध्ये बागायत जमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र दहा गुंठ्यांवर आणि जिरायताचे वीस गुंठ्यांवर आले. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी १ जानेवारी २०२५ पर्यंत पडलेले एक गुंठ्यापर्यंतचे तुकडे कायदेशीर करण्याची घोषणा केली.

या तारखांचा अर्थ बाजाराने स्वतःपुरता लावला आहे: आज घ्या, पुढची तारीख येईलच. एजंट हे उघड बोलतो आणि आजवरचा इतिहास त्याच्या बाजूने आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. जो अडकला त्याला सोडवलेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही; लाखभर घरे बेकायदा ठरवून कुठलेही राज्य चालत नाही. पण नियमितीकरणाने दुरुस्त होतो तो कागद. बारा फुटांचा बोळ दोन्ही बाजूंनी घरे झाल्यावर तीस फूट होत नाही. बुजलेला नाला शुल्काच्या पावतीने वाहू लागत नाही. पंचावन्न फुटांना पाण्याखाली जाणारी जागा सातबारा स्वच्छ झाला तरी पंचावन्न फुटांना पाण्याखालीच जाते, फक्त आता तिच्यावर कर्ज मिळते.

म्हणून घेणाऱ्याने काय पाहावे? मंजूर रेखांकन आणि बिनशेती आदेश मागावा, आणि तो दाखवला तर त्यावरचा गट नंबर आणि आपल्या दस्तावरचा गट नंबर ताडून पाहावा, कारण शेजारच्या गटाचा आदेश दाखवण्याचे प्रकार होतात. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेचे किंवा आठांहून जास्त प्लॉट पाडून विक्री चालू असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक असायला हवा. २०१७ पासून तो बंधनकारक आहे आणि कुणालाही घरबसल्या तपासता येतो. फेरफार तीस वर्षे मागे जाऊन वाचावेत, वारस नोंदीत मुली आहेत का पाहावे, आणि सगळ्या जिवंत बहिणी स्वतः सहीला येतात का ते बघावे. सरकारी मोजणी करून हद्द कायम करून मागावी. विकणारा टाळाटाळ करू लागला तर त्याचे कारण विचारत बसू नये.

आणि प्लॉट कधी पाहावा? आपल्याकडे प्लॉट दाखवण्याचा हंगाम ऊस तुटल्यानंतर सुरू होतो आणि मेअखेर संपतो. वावर मोकळे, जमीन टणक, दगडांना ताजा चुना, एजंटाच्या गाडीत थंडगार एसी. गुढीपाडव्याला बयाणा, अक्षय्य तृतीयेला दस्त. पाहायला जायचे ते ऑगस्टमध्ये, एकट्याने, पायी आणि एजंटाला न सांगता. शेजारी जे घर आधीपासून आहे तिथल्या बाईला विचारावे, पाणी कुठवर आले होते? ती बहुतेक वेळा आकडा सांगत नाही. उठून बाहेर येते आणि भिंतीवर हात ठेवून दाखवते.